तत्त्वज्ञान बंद करून एआय शिकवू नका : आमच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
तसेच मा. प्राचार्य,

सादर नमस्कार.

येत्या सत्रापासून बी.ए.ला तत्त्वज्ञान विषयात नवे प्रवेश देऊ नयेत, असा ठराव आपण केल्याचं मला महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावरून कळलं. विभागाची खोली ‘एआय व डिजिटल कौशल्य’ या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला द्यायची आणि तो अभ्यासक्रम एक खासगी कंपनी सामंजस्य कराराखाली चालवणार, असंही त्याच निरोपात होतं. मी याच महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकले आणि आज इथंच ते शिकवते. हा ठराव मला मान्य नाही. कारणं आपल्या दालनात येऊनही सांगता आली असती. पण ज्या गावांची मुलंमुली इथं शिकायला येतात, त्या गावांनाही ती कळायला हवीत, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

एआय शिकवायला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. ते शिकवायलाच हवं. राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पोलीस तपासाला मदत म्हणून ‘मार्व्हल’ ही यंत्रणा २०२४ साली नागपुरात उभी राहिली. नागपूरजवळच्या सातनवरीत ड्रोननं फवारणी आणि सेन्सरनं सिंचनाचे प्रयोग सुरू झाले. पिकाचा सल्ला, बँकेचं कर्ज, नोकरभरतीची चाळणी, अनुदानाची यादी, या सगळ्यात उद्या कुठं ना कुठं यंत्राचं मत असणार आहे आणि ते आमच्या विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोचणार आहे. नेमक्या अशा वेळी ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकवणारा एकमेव विषय आपण काढून टाकता आहात. माझं दुखणं ते आहे.

माझे वडील कोरडवाहू कापूस पिकवायचे. घरी सरकारी कागद आला की तो वाचायला दुसऱ्याच्या ओसरीवर जायचा, आणि तो सांगेल तो अर्थ आम्ही घरी आणायचो. बी.ए.च्या पहिल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयव शिकले. समोरच्याचं पद, वय, जात काहीही असो, त्याच्या म्हणण्याचा हेतू, म्हणजे त्यामागचं कारण कोणतं, ते टिकतं का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे मला त्या तासाला कळलं. त्याच वर्षी कर्जाच्या एका नोटिशीतली चूक मी वडिलांना दाखवली. या विषयाशी माझं नातं तिथून आहे. नोकरीचा प्रश्न मी यात आणत नाही; मला दुसऱ्या विभागात सामावून घेण्याचं आपण कळवलंच आहे.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीची. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती ठेवली आहे. तिच्यात शिक्षकांचे प्रतिनिधी असतात, विद्यार्थ्यांचे असतात. शैक्षणिक आराखड्याची चर्चा तिथं व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. हा विषय समितीपुढं आला नाही. विभागाला विचारलं नाही. आज दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांचं पुढं काय, त्यांचा मेजर विषय कोण शिकवणार, यावर ठरावात एक ओळही नाही.

कारण एकच दिलं आहे, विद्यार्थी कमी. कमी आहेत, हे खरं आहे. पण ते कसे कमी झाले हेही कागदावर यायला हवं. माझे ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. पहिल्या वर्षाचे तास तासिका तत्त्वावर सोडले आणि पुढं तेही मिळेनात. वेळापत्रकात तत्त्वज्ञानाचा तास मराठी आणि इतिहासाच्या तासांवर येतो, त्यामुळं हा विषय घ्यायची इच्छा असलेल्या मुलीला तो घेता येत नाही. प्रवेशाच्या टेबलावर ‘हे घेऊन काय करशील?’ असं विचारलं जातं आणि दुसरा फॉर्म पुढं सरकवला जातो. विषयाला आधी असं कोंडायचं आणि मग तो वाढत नाही म्हणून बंद करायचा, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

आता नव्या अभ्यासक्रमाविषयी. त्याचा आराखडा मी मागवून पूर्ण वाचला. यंत्राला सूचना कशा लिहाव्यात, सादरीकरण कसं करावं, बायोडेटा आणि जाहिरात कशी तयार करावी, असे घटक आहेत. ही कामं उपयोगी आहेत आणि ती शिकवावीत. पण यंत्राला हे ज्ञान येतं कुठून, त्याचं उत्तर पटण्यासारखं असूनही खोटं कसं असू शकतं, चूक झाली तर जबाबदार कोण, यातलं काहीही आराखड्यात नाही. व्हिडिओ इंग्रजी आणि हिंदीत आहेत, मराठीत एकही नाही. शुल्क विद्यार्थ्यांनी वेगळं भरायचं आहे. आणि मुलांची नावं, मोबाईल क्रमांक, त्यांनी यंत्राला विचारलेले प्रश्न या सगळ्याचं कंपनी काय करणार, याबद्दल करारात काय लिहिलं आहे ते आम्हाला दाखवलेलंच नाही. विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला आहे. आमची मुलंही त्याच्या कक्षेत येतात.

एआय हा तत्त्वज्ञानाला लागून नव्यानं आलेला कुणी परका विषय आहे, असा समज ठरावामागे दिसतो. तसं नाही. ‘यंत्र विचार करू शकेल का?’ हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ज्या लेखात मांडला, तो ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला होता. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नावानं पहिली संशोधन-बैठक अमेरिकेत डार्टमथ इथं भरली ती त्यानंतर, १९५६ साली. त्याच्याही शंभर वर्षं आधी जॉर्ज बूल यांनी तर्काचं बीजगणित रचलं होतं, आणि आजचा प्रत्येक संगणक त्या बीजगणितावर चालतो. १९८० साली जॉन सर्ल यांनी बंद खोलीतल्या माणसाचा युक्तिवाद मांडला. चिनी भाषेचं एक अक्षर न कळणारा माणूस नियमांच्या वहीत बघून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरं देतो; बाहेरच्याला वाटतं, आत चिनी जाणणारा कुणी बसला आहे. चॅटजीपीटी आल्यावर हा युक्तिवाद जगभरच्या वर्गांत पुन्हा शिकवला जाऊ लागला. आमच्या वर्गात तर तो आधीपासूनच शिकवला जातो.

आमच्या वर्गात काय चालतं, ते बहुधा आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. गेल्या खरिपात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची पानं लाल पडू लागली. आपल्याकडे त्याला लाल्या म्हणतात. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं वावरातल्या पानाचा फोटो मोबाईलमधल्या एआयला दाखवला आणि उपाय विचारला. उत्तर लगेच आलं, शुद्ध मराठीत, मुद्दे घालून. बुरशीजन्य रोगाचं नाव होतं, बुरशीनाशकाचं नाव होतं, पंपाला किती टाकायचं तेही होतं आणि खाली एका कृषी विद्यापीठाच्या संशोधनाचा हवाला होता. मी वर्गाला म्हटलं, हे प्रमाण मानायचं की नाही, ते न्यायदर्शनाच्या, म्हणजे ज्ञान खरं कशावरून मानायचं हे तपासणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनाच्या, कसोटीवर तुम्हीच ठरवा.

प्रत्यक्ष (स्वतः पाहणं), अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) अशी ज्ञानाची चार प्रमाणं, म्हणजे साधनं, न्यायदर्शन मानतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “त्यानं तं वावर पाह्यलंच नाही न मॅडम, नुसतं एक पान पाह्यलं.” तिथून चर्चा पेटली. लाल्या मॅग्नेशियम कमी पडलं तरी होतो, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होतो, रात्री एकदम गार पडल्या तरी होतो, पाण्याचा ताण बसला तरी होतो. एका पानावरून यातलं नेमकं कोणतं, हे अनुमान टिकेल का? मग शब्दप्रमाणावर आलो. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. आप्त कोण? न्यायसूत्रांवर वात्स्यायनानं लिहिलेल्या भाष्याप्रमाणे, ज्याला ती गोष्ट साक्षात माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे, असंही तो स्पष्ट लिहितो. मग यंत्र आप्त ठरतं का? त्याला इच्छा असते का? एकानं विचारलं, इच्छा पुस्तकालाही नसते, मग पुस्तकाला आपण प्रमाण कसं मानतो? दुसऱ्यानं उत्तर दिलं, पुस्तकामागे लिहिणारा असतो. तो चुकला तर त्याला धरता येतं. तास संपला तरी मुलं उठली नाहीत. नंतर त्यांनी तो संशोधनाचा हवाला शोधून पाहिला. तसा लेख कुठंच नव्हता. मुलगा पान घेऊन कृषी सहायकाकडे गेला. त्यांनी पान उलटून तुडतुडे दाखवले. बुरशीनाशकाची गरज नव्हती.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. काय फवारायचं, किती, कशात मिसळून, हे कोणाच्या शब्दावर ठरवायचं, हा आमच्या गावांत जिवाशी संबंध असलेला प्रश्न आहे. उद्या तो शब्द मोबाईलमधून येणार आहे, तोही गोड आणि ठाम मराठीत. त्याला तपासणारी मुलं तयार करायची की नुसती त्याला विचारणारी?

न्यायदर्शनातला आणखी एक पाठ इथं सांगावासा वाटतो, कारण एआयच्या कोणत्याही वर्गात तो पहिल्या आठवड्यात शिकवला जावा असं माझं ठाम मत आहे. जिथं धूर तिथं अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची कायमची जोड, खरी. जिथं अग्नी तिथं धूर, ही खोटी, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर होतो तो ओल्या सरपणामुळं. या लपलेल्या अटीला नैयायिक (न्यायदर्शनाचे अभ्यासक) ‘उपाधी’ म्हणतात आणि ती शोधल्याखेरीज व्याप्ती मानू नका असं बजावतात. २०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष शिकवलेलं एक यंत्र लोकांपुढं ठेवलं. ते फोटो पाहून लांडगा कोणता आणि हस्की कुत्रा कोणता हे सांगायचं. आत तपासलं तर ते प्राण्याकडे बघतच नव्हतं. मागं बर्फ दिसला की लांडगा म्हणायचं. बर्फ ही उपाधी. यंत्र कर्जदार निवडो, रोगी निवडो की गुन्हेगार, हाच दोष त्यात शिरू शकतो. आमची मुलं हा दोष ओळखू शकतात, कारण त्याचं व्याकरण त्यांनी धुराच्या उदाहरणावर आधीच शिकलेलं असतं.

आणि हे काही दूरचं नाही. वर्धा-पैनगंगेपलीकडच्या तेलंगणात वेगवेगळ्या सरकारी नोंदी संगणकानं जुळवून मोठ्या संख्येनं शिधापत्रिका रद्द झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ साली न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावं लागलं. ज्यांचं धान्य बंद झालं त्यांच्यात ‘माझं नाव कोणत्या कारणानं काढलं, ते लेखी द्या’ असं विचारू शकणारं गावात कुणी होतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. असा अर्ज लिहिणारी मुलगी तयार होते ती तर्कशास्त्राच्या तासाला, सादरीकरणाच्या नाही.

आमच्या वर्गात कोलाम या आदिवासी जमातीतला एक मुलगा आहे. तो एकदा म्हणाला, माझी आजी बोलते ती कोलामी या यंत्राला येत नाही, मग ते ‘माणसाची भाषा’ शिकलं असं का म्हणतात? कोणाचं लिखाण यंत्राला शिकवलं गेलं, कोणाचं राहिलं, आणि ज्यांचं राहिलं त्यांच्याबद्दल ते काय बोलेल? हा प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांत परिसंवादाचा विषय होतो. आमच्याकडे तो पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एसटीनं आलेल्या मुलानं विचारला. त्याला उत्तर देणारा व्हिडिओ कंपनीच्या आराखड्यात मला सापडला नाही.

एक विसंगती तर मला समजतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणाखाली ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय पदवीच्या श्रेयांकांत आला आहे. आपल्याकडे तो, ज्यांचा कार्यभार कमी भरतो अशा कोणत्याही विभागाच्या शिक्षकांकडे दिला जातो. न्याय, सांख्य, बौद्ध, जैन, चार्वाक हे सगळं जो विभाग रोज शिकवतो, त्यालाच कार्यभार नाही म्हणून बंद करायचं आणि भारतीय ज्ञान मात्र शिकवायचं, हे कसं जमणार? २०२०चं धोरण बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरतं. शाखा जोडा, असं ते सांगतं आहे, आणि आपण तोडता आहात.

सोनीपतचं अशोका विद्यापीठ किंवा पुण्याचं फ्लेम विद्यापीठ घ्या. तिथं मुलाला संगणक आणि तत्त्वज्ञान एकाच आवारात, हवं तर सोबत शिकता येतं. तिथलं शुल्क वर्षाला काही लाखांत आहे. त्या मुलांना यंत्र घडवणाऱ्यांच्या खोलीत बसून प्रश्न विचारता यावेत, म्हणून हे शिक्षण दिलं जातं. मग आमच्या मुलांना फक्त बटणं दाबायला शिकवणं पुरेसं आहे, हे कोणी ठरवलं? ग्रामीण मुलांना ‘रोजगाराचं’ पुरे, ‘विचाराचं’ नको, ही समजूत मला अपमानाची वाटते. आणि ती या मातीला धरूनही नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत आणि समोरच्या लोकांना प्रश्न जास्त विचारत. अक्षर न वाचता येणारी माणसं त्यांना उत्तरं देत देत आपली समजूत तपासून बघत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट चालवले, तज्ज्ञांना बोलावून प्रश्न विचारले, मतदानाऐवजी सर्वसहमतीनं निर्णय घेतले, आणि वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. नागपूरहून १९९० साली विवेकवादी मासिक सुरू करणारे दि. य. देशपांडे तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. विदर्भाच्या खेड्यांना तत्त्वज्ञान पेलत नाही, असं म्हणायला जागा नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रवेशबंदीचा ठराव स्थगित करावा आणि विषय महाविद्यालय विकास समितीपुढं, विद्यार्थी प्रतिनिधींच्या उपस्थितीत ठेवावा.

कंपनीशी होणारा करार, त्यातलं शुल्क आणि विद्यार्थ्यांच्या माहितीविषयीची कलमं सही होण्याआधी सूचनाफलकावर लावावीत. ज्या विद्यार्थ्याला आपली माहिती द्यायची नाही, त्याला तसं म्हणता आलं पाहिजे.

एआयचा अभ्यासक्रम सुरू करावा, पण त्याचा निम्मा भाग तत्त्वज्ञान विभागाकडे द्यावा. ‘तर्क, प्रमाण आणि यंत्र’ या नावानं चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेचा मसुदा मी मराठीत तयार केला आहे. त्यात अनुमान आणि हेत्वाभास (फसवी कारणं), शब्दप्रमाण, ट्युरिंग आणि सर्ल, यंत्राच्या चुका आणि जबाबदारी हे घटक आहेत. प्रात्यक्षिक म्हणून पीकसल्ला, पीकविमा आणि शासकीय याद्या यांची तपासणी आहे. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी सोबत शिकवायची तयारी दाखवली आहे. याला नव्या खोलीची गरज नाही, वेगळ्या शुल्काचीही नाही. मुक्त पर्याय म्हणून तो वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांनाही घेता यावा.

भारतीय ज्ञान प्रणालीचा कार्यभार तत्त्वज्ञान विभागाला द्यावा, वेळापत्रकातला तासांचा टकराव काढावा आणि रिक्त जागेचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयाकडे पाठवावा. हे केल्यावरही दोन वर्षांत विद्यार्थी वाढले नाहीत, तर मी स्वतः समितीपुढं येऊन त्या आकड्यांवर बोलेन.

विभागातली ग्रंथसंपदा रद्दीत किंवा गोदामात जाऊ नये. खोली द्यावीच लागली, तर पुस्तकं मुख्य ग्रंथालयात नोंद करून उघड्या कपाटात ठेवावीत. काही प्रती आज बाजारात मिळत नाहीत.

प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याआधी यावर आपलं लेखी उत्तर मिळावं. मसुद्याच्या प्रती मी कार्यालयात आवक-जावक शिक्का घेऊन दिल्या आहेत; कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्यासाठी एकेक आहे. आपण बैठक ठेवाल त्या दिवशी मी, माझे विद्यार्थी आणि ज्यांना यायचं आहे ते पालक हजर राहू.

आपली विश्वासू,
तत्त्वज्ञान विभागातील एक प्राध्यापिका
आणि याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी